फळ्यावरची शून्यं

सोमवार, ४ मार्च

ही वही लेकीने दिली. औषध कंपनीची फुकट दैनंदिनी आहे आणि मुखपृष्ठावर गाय आहे. आम्ही घोड्यांचे डॉक्टर. ज्या कंपनीला एवढा फरक कळत नाही तिची औषधं आपण का घेतो, असं मी विचारलं. लेक म्हणाली, "बाबा, हेच. असं जे जे मनात येईल ते यात लिहा. आलेल्या माणसांना ऐकवू नका." म्हणून लिहितो आहे.

आज पुन्हा तोच विषय निघाला. तिचं म्हणणं असं की मी आता अडुसष्टचा झालो, तेव्हा पुढच्या खोलीत बसावं. फोन घ्यावेत, लसींच्या तारखा बघाव्यात, लोकांशी गप्पा माराव्यात. घोडे ती बघेल. तिला या कामात नऊ वर्षं झाली, मला एक्केचाळीस. मी सांगितलं, "माझी एक चूक दाखव. एकच. त्या दिवशी स्टेथोस्कोप खुंटीला टांगतो."

तिने मौनीकडे पाहिलं. मौनी म्हणजे आमचा मोतद्दार, घोड्यांची देखभाल करणारा. सव्वीस वर्षं इथे आहे आणि तेवढ्या काळात सव्वीसेक वाक्यं बोलला असेल. त्याने बादलीकडे पाहिलं. बादलीनेही काही चूक दाखवली नाही, तेव्हा विषय संपला असं मी धरतो.

बुधवार, ६ मार्च

आमच्याकडे एक फळा आहे. माझ्या वडिलांच्या वेळचा. घोडा आला की त्याचं नाव फळ्यावर, पुढे नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग आणि शेवटी पोटाचे चार खाने: डावीकडे वर, डावीकडे खाली, उजवीकडे वर, उजवीकडे खाली. चारही ठिकाणी स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. घोड्याचं पोट भरल्या घरासारखं असतं, कुठे ना कुठे काहीतरी चालू असतंच. आवाज असला तर अधिकची खूण, नसला तर शून्य. पोट दुखणाऱ्या घोड्याच्या चारही खान्यांत शून्य आलं तर आतड्याला पीळ बसला असण्याचा संभव, आणि मग घाई करावी लागते. वडील म्हणत, "आधी कान, मग हात, शेवटी तोंड." म्हणजे ऐकून आणि चाचपून झाल्याशिवाय मालकाला काही सांगायचं नाही. मीही तेच पाळलं. या पंचक्रोशीत माझ्या कानाला मान आहे.

काल एका घोडीला मी खालच्या दोन्ही खान्यांत शून्य दिलं होतं. संध्याकाळी पाहतो तर अधिक, अधिक. घोडी मजेत गवत खात होती. खडू निकृष्ट आहे, पसरतो. खडूवाल्याला फोनवर चार शब्द सुनावून नवा खोका मागवला.

शनिवार, ९ मार्च

आज तीन गोष्टी. एक, फोनयंत्र पुन्हा खराब. समोरचा माणूस विहिरीत उभा राहून बोलतोय असं वाटतं. दुरुस्तीवाला आला, उचलून बघितलं, म्हणाला उत्तम आहे. त्याचं हे तिसऱ्यांदा उत्तम.

दोन, एक गृहस्थ घोडा घेऊन आले आणि "डॉक्टर, घोडं कुठे पेंड खातंय बघा जरा," असं म्हणून स्वतःच हसले. एक्केचाळीस वर्षांत हा विनोद मी किती वेळा ऐकला ते मोजलेलं नाही. बोललो काहीच नाही. वहीत लिहितो आहे.

तीन, यंदा तबेल्याच्या आढ्यावर चिमण्या आल्या नाहीत. दर वर्षी सकाळी नुसता कलकलाट असतो. घोडे बांधतात त्या ठाणांमध्ये त्यांची घाण मात्र पडलेली दिसते. मागच्या वर्षीची असणार. मौनी झाडताना वर बघत नाही.

मंगळवार, १२ मार्च

रपेट शिकवणाऱ्या बाई वकीलला घेऊन आल्या. वकील हा त्यांचा तांबडा घोडा. प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो म्हणून त्याचं नाव वकील. आज दात घासायचे होते. घोड्यांच्या दाढांना कडेला धार येते, गाल सोलवटतात, म्हणून वर्षातून एकदा कानस फिरवावी लागते. वकीलने कानशीला हरकत घेतली, तोंड उघडं ठेवणाऱ्या पट्ट्याला घेतली, बादलीतल्या पाण्याला घेतली. सगळ्या हरकती फेटाळून तासाभरात काम झालं.

त्याच्या पोटावर दोन वितींचा व्रण आहे. मागच्या वर्षी जानेवारीत त्याचं पोट दुखलं, मी ऐकलं, चारही खान्यांत शून्य. त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात धाडला. तिथल्या सर्जनने पोट उघडलं आणि पत्रात लिहिलं की पीळ आढळला नाही. असं होतं. भुलीत स्नायू सैल पडले की पीळ आपोआप सुटतो. घोडा पाच महिने ठाणात उभा होता, बाईंच्या वर्गातली मुलं गाजरं घेऊन बघायला यायची. पण वाचला ना. बाई अजून मला म्हणतात, तुमच्यामुळे आहे हा. मी म्हणतो, माझ्या कानांमुळे.

त्या वेळी लेक मागेच उभी होती. ती हे ऐकून हात धुवायला गेली. तिने ते आधीच धुतलेले होते.

शुक्रवार, १५ मार्च

मौनीबद्दल लिहायला हवं. मी घोड्याच्या एका अंगाला ऐकत असतो तेव्हा हा दुसऱ्या अंगाला जाऊन घोड्याच्या पोटावर डोकं टेकून उभा राहतो. मागच्या वर्षीच्या थंडीपर्यंत ही सवय नव्हती. घोडं शांत राहावं म्हणून असेल म्हणावं, तर बांधलेल्या म्हाताऱ्या तट्टाशीही तेच. आज मी म्हटलं, झोप घरी पुरी करत जा. त्याने मान हलवली आणि पुढच्या घोड्याला पुन्हा तेच.

लेकीचंही लक्ष कामात कमी. मी निदान सांगत असतो आणि ही घोड्याच्या पाठीवरून मौनीकडे बघत असते. माझं सांगून झालं की म्हणते, "बाबा, अजून तासभर थांबून बघू या." दर वेळी तासभर. तासाभरात बहुतेक घोडे बरे होतात, हे मी कबूल करतो.

सोमवार, १८ मार्च

नवा स्टेथोस्कोप आला. वर्षातला तिसरा. पहिला जुना झाला होता, दुसऱ्याची नळी लांब होती. हा परदेशी आहे. सकाळी धडधाकट घोड्यावर लावून पाहिला, पहिल्या दोघांसारखाच निघाला. हल्ली काहीच धड बनत नाही. जेवताना आमच्या हिला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ही म्हणाली, "तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे." मी विचारलं, कोणती? म्हणाली, "भात घ्या."

बुधवार, २० मार्च

लेक आणि मौनी तीन दिवस घोडे पैदा करणाऱ्या फार्मवर जाणार. चौदा शिंगरांना लसी आहेत आणि दोन घोड्या विण्याच्या बेतात. निघण्याआधी लेकीने कागदावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं: पोटदुखीचा घोडा आला तर आधी मला फोन. मी तिला विचारलं, तू जन्मलीस तेव्हा मी किती पोटदुख्या बऱ्या केल्या होत्या? ती म्हणाली, "बाबा, फोन करा." मौनी गाडीत बसून खाली उतरला, तबेल्यात गेला, पुन्हा येऊन बसला. काय विसरला होता कळलं नाही. हातात काही नव्हतं.

शनिवार, २३ मार्च

सगळं आहे तसं लिहितो.

सकाळी दहाला पाववाले काकूला चालवत घेऊन आले. काकू ही घोडी आहे. बावीस वर्षांची, करडी. सगळ्या जगावर तिची नापसंती असल्यामुळे नाव काकू. तिने अठरा वर्षं पावाची गाडी ओढली. आता पाववाले पाव मोटारीने टाकतात आणि नंतर काकूला फिरायला नेतात, तर ती जुन्या प्रत्येक दाराशी थांबते. हे त्यांनी मला दर भेटीत सांगितलेलं आहे. आज सांगितलं नाही.

पहाटेपासून पाय आपटत होती, पोटाकडे वळून बघत होती, दोनदा लोळली होती. नाडी छप्पन्न, म्हणजे जास्त, पण फार नाही. हिरड्या गुलाबी. हात घालून तपासलं, आत वायू धरलेला, बाकी काही लागलं नाही. मग ऐकलं. डावीकडे वर शून्य, खाली शून्य. उजवीकडे वर शून्य, खाली शून्य. नवा स्टेथोस्कोप काढून जुना लावला. शून्य.

भिंतीवरचा कागद दिसला म्हणून लेकीला फोन लावला. लागला, पण यंत्रातून नुसती कुजबुज. मी दोनदा सांगितलं की काकू आलीय आणि पोट गप्प आहे. पुढे ती जे बोलली त्यातलं काही पोचलं नाही. ठेवून दिला.

वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि तासभर थांबलो. फरक थोडासाच. पुन्हा चारही शून्यं. बावीस वर्षांच्या घोडीचं पोट उघडायला मी धाडणार नाही, चार तासांच्या प्रवासात तिचे हाल होतील. कान झाला होता, हात झाला होता. पाववाल्यांना बाकावर बसवून सांगितलं की आतड्याला पीळ आहे, आता तिला त्रासातून सोडवावं हेच बरं. त्यांनी विचारलं, "आत्ताच?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, ठीक, तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. मला पुढे हेच वाक्य खाणार आहे.

कुलपातली बाटली काढून खिशात टाकली, सुई घेतली. त्यांना म्हटलं, हवं तर थोडं बसा तिच्याजवळ. ते तिच्या गळ्याशी गेले, कपाळ चोळलं, मग पोटावर डोकं टेकून उभे राहिले. मी पाठ फिरवून फळ्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी येऊन माझ्या बाहीला हात लावला. मी वळलो तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, पण कपाळाला आठी होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मरणाऱ्याच्या पोटात एवढं गडगडतं का?"

मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, सगळीकडे. मी स्टेथोस्कोप लावला. काही नाही. त्यांनी हाताने खूण केली की ते काढा, नुसतं डोकं टेका. मी टेकलं. उजवा कान काकूच्या पोटाला अगदी दाबून धरला. काही नाही. आणि मग गालाच्या हाडावर काहीतरी सरकत गेलं. रस्त्यावरून जड गाडी गेली की भिंतीला टेकलेल्या पाठीला लागतं, तसं. थांबलं, पुन्हा सरकलं. डावा कान लावला, तिथेही तसंच. पोट जोरात चाललेलं होतं आणि मला त्यातलं काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

मी कान तसाच लावून ठेवला. पाववाल्यांना वाटलं मी ऐकतोय. खिशातली बाटली मांडीला लागत होती. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी सरळ उभा राहिलो आणि म्हटलं, "तुमचे कान चांगले आहेत. माझे गेलेत. मी सांगतो तिथे डोकं लावा आणि काय ऐकू येतं ते मोठ्याने सांगा."

त्यांनी लावलं. डावीकडे वर गडगड. खाली, माठातून पाणी ओततात तसं. उजवीकडे वर गडगड, खाली थोडं कमी. म्हणजे साधा वायू आणि कळा. शिकाऊ पोरालाही कळली असती अशी गोष्ट. कळ सुटायचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून तिला अंगणात चालवलं. पाऊण तासाने काकूने वायू सोडला. मला तो ऐकू आला नाही. पाववाले लहान मुलासारखे हसायला लागले त्यावरून कळला, आणि मग नाकाने कळला. नाक शाबूत आहे. त्यानंतर लीद पडली. मी बाटली पुन्हा कुलपात ठेवली. कुलूप तिसऱ्या खेपेला लागलं.

पाववाले जाताना माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना धरलं आणि म्हटलं, मी तिला मारणार होतो. ते म्हणाले, पण मारली नाहीत ना. माणूस इतका चांगला असला की त्याच्यासमोर उभं राहणं कठीण होतं.

दुपारी चारला लेक पोचली. फोनवर तिने ओरडून सांगितलं होतं म्हणे की काही करू नका, मी निघते. गाडी किती वेगाने आणली असेल ते मौनीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकूचं ठाण रिकामं होतं. लेक तिथूनच बाटलीच्या कुलपाकडे बघायला लागली. मी घाईने म्हटलं, घरी गेली, चालत गेली.

मग फळा दाखवला. चार शून्यं तशीच ठेवली होती, मी पुसली नव्हती. म्हटलं, ही घे एक चूक.

रविवार, २४ मार्च

आज तिने सगळं सांगितलं. वकीलच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जनने पत्र मला लिहिलं, पण फोन तिला केला. पोटात काही नव्हतं, आतडी छान हलत होती, हे ऐकू न आलेला माणूस कोण, असं त्याने विचारलं. तेव्हापासून चौदा महिने मी ऐकत असताना मौनी पलीकडून ऐकायचा. ठीक असेल तर पापणी मिटायचा, नसेल तर घोड्याचे केस चोळायचा. मग ती "तासभर थांबू या" म्हणायची आणि मी जेवायला गेलो की स्वतः ऐकून फळा दुरुस्त करायची. बुधवारी मौनी गाडीतून उतरून तबेल्यात गेला तो इथे ठेवलेल्या सगळ्या घोड्यांची पोटं ऐकून यायला. तीन दिवस आपण नसणार म्हणून.

मी विचारलं, मी चूक मागितली तेव्हा वकीलची का नाही दाखवलीस?

ती म्हणाली, "दाखवली असती तर तुम्ही म्हणाला असतात, भुलीत पीळ सुटतो. आणि दुसरी मागितली असतीत."

हे खरं आहे. मग तिला रडू आलं आणि म्हणाली, दाखवायला हवी होती, काकू गेली असती तर ते माझ्यावर असतं. मी म्हटलं, नाही, माझ्यावर. यावर थोडा वाद झाला. तो कुणीच जिंकला नाही.

जेवताना बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, "तीन वर्षं. मी सांगत होते. तुम्हाला ऐकू येत नव्हतं." मग माझ्या ताटात भात वाढला.

स्टेथोस्कोप खुंटीला टांगला. तिन्ही.

मंगळवार, २६ मार्च

खडूवाल्याला निष्कारण बोललो होतो. फोन करून माफी मागितली. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. खडू चांगला आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

कान तपासले. पेटीत बसवून शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. बराच वेळ यंत्र चालूच झालं नाही असं समजून मी बसून होतो. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. बारीक आवाज आधी गेले, जाड आता जात आहेत. असं एका दिवसात होत नाही, म्हणाल्या, माणूस हळूहळू विसरतो की काय ऐकू यायचं. मी त्यांना घोड्यांबद्दल काही सांगितलं नाही.

सोमवार, २२ एप्रिल

दोन्ही कानांत यंत्रं बसली. वरातीमागून घोडं, पण आलं. जग फार कर्कश आहे. पंखा, चप्पल, हिचं बांगड्या सरकवणं. लेक जोरात बोलते, तिला हळू बोलायला सांगितलं तर ती रडली. सकाळी तबेल्यात गेलो आणि दारातच थांबावं लागलं. आढ्यावर चिमण्या होत्या, निदान चाळीस. मौनी झाडत होता. मी विचारलं, या कधी आल्या? त्याने या वर्षातलं पहिलं वाक्य खर्च केलं. म्हणाला, "गेल्याच नव्हत्या."

त्याला म्हटलं, झोप पुरी कर म्हणालो होतो, ते मागे घेतो. त्याने मान हलवली.

गुरुवार, २ मे

लेकीने गेल्या आठवड्यात एक नवा स्टेथोस्कोप आणला, आवाज मोठा करणारा, कानातल्या यंत्राला जोडता येतो. मी सांगितलं की मी शब्द दिलाय, टांगला तो टांगला. ती म्हणाली, "ते तीन टांगलेले राहू देत. हा चौथा आहे." वकिली माझ्याकडून गेली असावी तिच्यात.

पण तिच्या अटी आहेत. निदान ती करणार. मी आधी ऐकायचं, मग तिने, माझ्यासमोर. फळ्यावर पोटाच्या दोन ओळी, एक माझी, एक तिची, आणि कुणी कुणाची पुसायची नाही. अटी मान्य केल्या. नाकापेक्षा मोती जड आहे, पण मोती तिचा आहे.

आतापर्यंत सहा घोडे झाले. पाच जुळले. सहाव्यात मी शून्य दिलं, तिने अधिक दिलं. तिचं बरोबर होतं. माझी ओळ तशीच आहे.

बुधवार, ८ मे

आज वकील आला. खुरात गळू झालंय, लंगडतोय. लेकीने खुराच्या सुरीने पोखरून पू काढला, मौनीने शेक बांधला. वकीलने दोघांनाही हरकत घेतली. पोटाचं काही नव्हतं, पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येक घोड्याचं पोट ऐकतात, वडिलांच्या वेळेपासून.

मी नळी लावली. डावीकडे वर, खाली. उजवीकडे वर, खाली. चारही ठिकाणी व्यवस्थित चाललेलं, घाईगडबड नाही, आपापल्या वेळेला. प्रत्येक ठिकाणी पूर्ण दोन मिनिटं ऐकलं, गरजेपेक्षा जास्त. पलीकडच्या अंगाला मौनी डोकं टेकून उभा होता. म्हटलं, आता कशाला? तर त्याने खांदे उडवले आणि तिथेच उभा राहिला.

मग खाली वाकून त्या व्रणावरून हात फिरवला. दोन वितींचा, मधे एक गाठ. वकीलने कान मागे टाकले, पण पाय उचलला नाही. त्या दिवशीही पोट असंच चाललेलं असणार.

फळ्यावर चार अधिक लिहिले. लेकीने ऐकून खाली चार अधिक लिहिले. रपेटीच्या बाई दाराशी उभ्या होत्या, मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्यामुळे आहे हा.

लेक माझ्याकडे बघत होती. कान झाला होता, हात झाला होता. मी बाईंना आत बोलावलं, बाकावर बसवलं आणि सांगितलं.